बिनआवाजाचा पंप

१

"आधी मासे, मग ती समुद्रफुलं, मग बाबा, आणि वेळ उरलाच तर बायको." सकाळी मी उठल्या उठल्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो की वेणू स्वयंपाकघरातून हे ठरलेलं वाक्य टाकायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला ही कला आपोआप येते.

पंच्याण्णव-शहाण्णवचा सुमार असेल. नवीन पनवेलला दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होतो, दिवसभर पाण्याचे नमुने तपासायचे हेच काम. वेणू एका शाळेच्या ऑफिसात. आणि तिसरे दाजी, म्हणजे वेणूचे वडील. उरणच्या बाजूला मिठागरात त्यांचं आयुष्य गेलं. मिठागर बंदराच्या कामात गेलं, सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या, म्हणून दाजी आमच्याकडे राहायला आले. येताना दोनच गोष्टी आणल्या. एक ट्रंक आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक दगड.

दगड त्यांच्या मिठागराच्या उघाडीचा. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं दार. दोन बाजूंना दगडी खांब, त्यांना उभ्या खाचा आणि खाचांत वरखाली सरकणारी जाड फळी. त्या खांबाचा हा तुकडा. एका बाजूला फळीची खाच, तळाशी मूठ जाईल एवढं भोक आणि सगळ्या अंगावर शर्टाच्या बटणाएवढे, फुलासारखे उघडमीट करणारे जीव, मध्ये एक मोठं समुद्रफूल. माझ्याकडे तीन फुटी टाकी होती, त्यात गोड्या पाण्यातले मासे. ते मी एका मित्राला देऊन टाकले आणि दर रविवारी स्कूटरवरून उरणचं समुद्राचं पाणी कॅन भरभरून आणायला लागलो, कधी त्याबरोबर खाडीतले दोन-चार छोटे मासेही. अशी आमच्या हॉलमध्ये, पश्चिमेच्या खिडकीला लागून, समुद्राची टाकी आली.

दाजी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. त्यांना ऐकायला कमी. उजवा कान पार गेलेला, डावा मर्जीवर चालणारा. चहा घेता का विचारलं तर पहिल्या हाकेला ऐकू यायचं, औषध घ्या म्हटलं तर तीनदा ओरडावं लागायचं.

टाकीची एकच अडचण होती. दगडाच्या मागच्या बाजूचे जीव आक्रसत चालले होते. समुद्र कधी थांबत नाही, आणि माझ्या टाकीतलं पाणी मात्र डबक्यासारखं उभं. पाणी फिरवणारा पंप हवा होता. कुठे किती पाणी फिरतं ते बघायला मी सुका जवळा कुटून त्याची चिमूटभर पूड पाण्यात सोडली.

पाण्यात काहीच चालू नव्हतं. तरी ती पूड हलली. अगदी सावकाश, रांग धरल्यासारखी दगडाकडे गेली आणि तळाच्या भोकातून आत शिरली. ट्यूबलाइटच्या उष्णतेने पाणी वर जातं, गार पाणी खाली येतं, असले प्रवाह होतातच, असं मी स्वतःला समजावलं आणि कामावर गेलो.

२

आधी हवेचा पंप लावून बघितला. बुडबुडे भरपूर, पाणी जागच्या जागी. वर त्या बुडबुड्यांनी मिठाचे शिंतोडे भिंतीवर उडवले आणि वेणूने मला फडकं हातात दिलं.

मग माळ्यावरचा जुना कूलर खोलून त्यातला पंप काढला. लोखंडी दांडा खाऱ्या पाण्यात गंजणार हे मला कळत होतं, पण दोन दिवसांच्या प्रयोगाला काय होतंय! पंप दणकट होता. लावल्याबरोबर टाकीत लाट उसळली, दगडावरची सगळी बटणं एका बाजूला लवली. आवाजही तसाच होता, पिठाच्या गिरणीचा धाकटा भाऊ.

दाजी खुर्चीतून उठले. "जावयबापू, तो बंद करा. ऐकू येत नाय."

"दाजी, तुम्हाला तसंही कुठे ऐकू येतं?" मी म्हणालो.

एरवी ते अशा बोलण्यावर पोट धरून हसायचे, कारण चेष्टा करण्यात ते माझे बाप होते. त्या दिवशी हसले नाहीत. भिंत धरत बटणापर्यंत गेले आणि पंप बंद केला. मग टाकीशी वाकले, डावा कान काचेला लावला, थोडा वेळ तसेच राहिले. आणि दारावर आलेल्या दूधवाल्याला सांगावं इतक्या साध्या आवाजात पाण्याला म्हणाले, "आत तीन मानसां हायत. थांब."

एवढं झाल्यावर त्यांनी मला चहा टाकायला सांगितला.

३

म्हातारा माणूस, गाव सुटलेलं, समोर समुद्राचं पाणी. मन मागे जाणारच, असं मी धरून चाललो. दिवसातून एकदा-दोनदा ते टाकीशी वाकून तेवढंच वाक्य म्हणायचे. त्याची वेळ रोज थोडी पुढे सरकायची. ती भरतीची वेळ असायची हे मला भिंतीवरच्या कॅलेंडरवरून कळलं, कारण दाजी तिथी बघून आधीच तिथे जाऊन बसायचे. मिठागरातल्या माणसाला भरती-ओहोटी पाठ असते, त्यात काय मोठं!

एका रविवारी माझी बहीण वसुंधरा ठाण्याहून जेवायला आली. आमटीभात सुरू असताना दाजी ताटावरून उठले, टाकीशी गेले आणि म्हणाले, "आत चार मानसां हायत. थांब."

वसुंधरा हसली. "दाजी, मला पण मोजलंत? बरं झालं, नाहीतर मी उपाशीच राहिले असते." मीही हसलो. दाजी हात धुऊन परत ताटावर बसले. वेणू मात्र हसली नव्हती.

वसुंधरा गेल्यावर वेणू भांडी घासत होती, मी पुसून ठेवत होतो. ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे ते काय आहे?"

"काय?"

"उघाडीची हाक. ओहोटीला माणसं खाली उघाडीच्या तोंडात उतरायची. कुणी चिखल उपसायला, कुणी चिंबोऱ्या धरायला. भरती फिरली की फळी टाकायची. टाकण्याआधी वरच्याने हाक द्यायची, 'आत कोन हाय का?' तीनदा. खालच्यांनी सांगायचं, आत इतकी माणसं आहेत, थांब. मग तो थांबायचा. उत्तर आलं नाही तर तिसऱ्या हाकेनंतर फळी खाली."

"मग बरोबरच आहे की. जुनी सवय, तोंडात बसलेली."

"बरोबर कुठे आहे?" वेणूने नळ बंद केला. "बाबा आयुष्यभर वर होते. फळी त्यांच्या हातात असायची. हाक ते द्यायचे. उत्तर द्यायची सवय त्यांना असेलच कशी?"

ताट पुसून झालं होतं तरी मी पुसत राहिलो.

४

कूलरचा पंप गंजला, अपेक्षेप्रमाणेच. दगडाच्या मागच्या बाजूची आणखी थोडी बटणं मेली. मला हे फार लागलं. खरं सांगायचं तर तोवर माझा त्या टाकीवर जीव जडला होता. लॅबमध्ये मी आयुष्यभर घाणेरड्या पाण्याचेच नमुने बघितले, आणि घरी हे एवढंसं पाणी जिवंत होतं. ते माझ्या हातून मरावं हे मला सोसत नव्हतं.

म्हणून सुट्टी काढून मुंबईला क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत गेलो. तिथे एका दुकानात परदेशी पंप मिळतात असं कळलं होतं. दुकानदार कच्छी, मराठी झकास बोलणारा. त्याने दोन खोकी पुढ्यात ठेवली.

"साहेब, हा छोटा. एकदम शांत, चालू हाय का बंद ते हात लावून बघायला लागेल. पण पाणी मारतो कमी. आणि हा मोठा. टाकीतलं सगळं पाणी तासाला दहा-बारा वेळा फिरवणार. कोरल पाहिजे तर मोठाच घ्या. थोडा घूं करेल, तेवढं चालतं."

"आवाज किती?"

"फ्रिजएवढा. टाकी बेडरूममध्ये हाय काय?"

"नाही, हॉलमध्ये. सासरे बसतात जवळ."

"त्यांना त्रास होतो आवाजाचा?"

"त्यांना ऐकूच येत नाही नीट," मी म्हणालो. आम्ही दोघं हसलो आणि मी मोठा पंप घेतला.

५

मोठ्या पंपाने दोन दिवसांत टाकीचं रूप पालटलं. प्रवाह असा बसला की दगडाची मागची बाजूही धुऊन निघाली. मेलेली म्हणून सोडून दिलेली बटणं परत उघडली, आणि एक समुद्रफूल तर पसरून बशीएवढं झालं. वेणूसुद्धा कौतुकाने येऊन बघून गेली. दाजी मात्र काचेला कान लावून बसायचे, मान हलवायचे, परत कान लावायचे. मी ऑफिसला गेलो की पंप बंद करतात, असं वेणूने सांगितलं. म्हणून मी बटणावर चिकटपट्टी मारली. आडमुठ्या म्हाताऱ्याशी आडमुठेपणानेच वागावं लागतं, असं तेव्हा मला वाटत होतं.

शनिवारी मला सुट्टी होती. दुपारची जेवणं झाली. दाजींना ताप होता, ते आतल्या खोलीत गोळी घेऊन झोपले होते. ते झोपल्यावर वेणू खाली वाण्याकडे गेली होती. मी खिडकीशी बसून पेपर वाचत होतो, शेजारी पंप घूं करत होता.

अक्षरं दिसेनाशी झाली म्हणून मी वर बघितलं. खिडकीच्या वरच्या कडेला एक काळी पट्टी आली होती. वरच्या मजल्यावरच्या पद्मजाबाईंनी गोधडी वाळत टाकली असणार, असं मनात आलं. पण गोधडीला झोळ असतो, वाऱ्याने ती हलते. ही पट्टी अगदी सरळ होती, खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ती खाली येत होती. घाईने नाही. जड वस्तू जपून उतरवावी तशी. खोलीत ओल्या लाकडाचा नि खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलाचा वास आला.

मी नुसता बघत राहिलो. उठावं असंही सुचलं नाही.

आतल्या खोलीतून दाजी धडपडत आले. पंपाची वायर धरून त्यांनी ओढली, पिन सॉकेटमधून निघाली, आणि ते टाकीवर अक्षरशः पडून ओरडले, "हायत रे! आत तीन मानसां हायत! थांब!"

खिडकीत लख्ख ऊन होतं. पट्टी वर गेली की नव्हतीच, हे मला सांगता येणार नाही, कारण मी दाजींना धरायला वळलो होतो. ते कापत होते. तापाने कापतायत असं मी म्हणालो. कुणी मला काही विचारलं नसताना म्हणालो.

संध्याकाळी पद्मजाबाई जिन्यात भेटल्या. मी सहज म्हणून गोधडीचा विषय काढला. "अहो, आम्ही वाळत मागच्या बाजूला घालतो," त्या म्हणाल्या. "पुढे ऊन कडक, रंग उडतात."

६

त्या रात्री जेवताना मी दाजींच्या डाव्या बाजूला बसलो. "दाजी, तो दगड मी उद्या उरणला नेऊन समुद्रात सोडून येतो. नकोच ती भानगड."

दाजींनी भात कालवता कालवता माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, थोडी कीव होती. "सोडा की. दगड नेलात म्हनून फळी जानार हाय का? हाक तेवढी ऐकू येनार नाय."

वेणूने विचारलं, "बाबा, हाक देतो कोण?"

"वरचा."

"पण वरचा कोण?"

"मला कसा दिसनार? मी आत हाय ना." त्यांनी घास घेतला. "मी वर व्हतो तवा खालच्यांना मी दिसायचो काय? आवाज तेवढा जायचा. दगडातनं बरा जातो आवाज. म्हनून तर आनला."

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. "आणि समजा उत्तर दिलं नाही तर? एखाद्या दिवशी वरचा जरा थांबला तर?"

"मी कदी थांबलो नाय, जावयबापू," दाजी म्हणाले. "भरती थांबते काय? तिसऱ्या हाकेवर आवाज नाय, तर फळी टाकायची. तो कायदाच हाय. कुनी वंगाळ नसतो वरचा."

मी वैज्ञानिक वृत्तीचा माणूस. नवस बोललो नाही, अमावास्या पाळली नाही. पण त्या रात्रीनंतर आम्ही पंपाचं वेळापत्रक केलं. भरतीच्या सुमाराला पंप बंद, एरवी चालू. म्हाताऱ्याच्या समाधानासाठी, असं मी म्हणायचो. पण वेळ झाली की माझ्या आधी वेणूचा हात बटणावर असायचा.

अडचण पुढेच आली. दाजींचा मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर म्हणाले, आता लांबवलं तर डोळा जाईल. दाजी ऑपरेशनला तयारच होईनात. दिवसभर घराबाहेर राहायचं, तर हाकेला कोण बसणार? वेणूने विनवण्या केल्या, रडली. बापाच्या डोळ्यांपुढे अंधार व्हावा आणि त्याने एका टाकीपायी तो होऊ द्यावा, हे तिला सहन होत नव्हतं. शेवटी मी दाजींचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "मी बसतो. पंप बंद ठेवून बसतो."

"दोन्ही कान धड हायत तुमचे," दाजी बराच विचार करून म्हणाले. "बसा मंग."

७

ऑपरेशनच्या दिवशी वेणू त्यांना रिक्षाने जुन्या पनवेलच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. मी रजा टाकून घरी राहिलो. भरती दुपारची होती. मी पंप बंद केला, दाजींच्या खुर्चीत बसलो, आणि स्वतःचंच हसू आलं. एम.एस्सी. झालेला माणूस, टाकीला कान लावून.

उन्हाळ्याचे दिवस. पाणी तापलं होतं. पंप बंद राहिल्यावर तासाभरात समुद्रफूल मिटलं, मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. पाण्यातला प्राणवायू संपत आला होता, हे सांगायला मला उपकरण नको होतं. हे जीव माझ्या डोळ्यांसमोर मरणार, का तर एका म्हाताऱ्याला तिकडून आवाज येतो म्हणून? मी घड्याळ बघितलं, थोडा वेळ पंप चालवून परत बंद करायचा असं ठरवलं आणि बटण दाबलं.

घूं सुरू झालं. मासे खाली गेले. मला बरं वाटलं. मी तिथेच उभा राहून पाणी बघत होतो, आणि मग ते पाणी मला नीट दिसेना.

या वेळी पट्टी खिडकीच्या निम्म्यावर आली होती.

मी पिन ओढली. पंप थांबला आणि घर इतकं शांत झालं की खालच्या रस्त्यावरचासुद्धा आवाज येईना. आणि मग हाक ऐकू आली. मोठी नव्हती. विहिरीत कुणी उतरलेलं असावं आणि काठावरून दुसऱ्याने वाकून विचारावं, तशी. दगडाच्या भोकातून आली, पाण्यातून आली, काचेतून माझ्या कानाच्या हाडात आली. साधा, कामातल्या माणसाचा आवाज.

"आत कोन हाय का?"

ही पहिली की तिसरी हे मला कसं कळणार? पंप चालू होता.

मी घाबरलो होतो, आयुष्यात असा कधी घाबरलो नव्हतो. तोंड उघडत होतं, आवाज निघत नव्हता, टाकीतल्या माशासारखं. खिडकीत उजेडाची हातभर पट्टी उरली होती, मग वीतभर. त्या फळीची खालची कड मी बघितली. काळं, भिजलेलं लाकूड, झिजून मऊ झालेलं, त्याला चिकटलेल्या शिंपल्या, आणि कडेवरून ठिबकणारं पाणी. खिडकीच्या गजांवर पडताना त्याचा टपटप आवाज होत होता.

"मी आहे!" मी ओरडलो. "आत आहे मी! थांब! थांबा!"

कड जागीच थांबली. किती वेळ, ते मला माहीत नाही. वरून कुणीतरी ऐकत असल्यासारखं वाटलं, म्हणून मी दाजींसारखं म्हणालो, "आत एक मानूस हाय. थांब."

मग ऊन परत आत आलं. रस्त्यावर एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. मी खिडकीशी गेलो, गजांवरून बोट फिरवून जिभेला लावलं. मीठ होतं. समुद्राच्या टाकीजवळच्या गजांवर मीठ असणारच, असंही म्हणता येईल. मी तसं म्हणून बघितलं.

८

दाजी डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परत आले. खुर्चीत बसल्यावर पहिला प्रश्न, "आली व्हती?"

"आली होती."

"कितवी?"

"माहीत नाही. पंप लावला होता थोडा वेळ."

दाजी रागावले नाहीत. माझ्या गुडघ्यावर थोपटलं फक्त. दुसऱ्या दिवशी मी मोठा पंप घेऊन गलबत बुडालेल्या तांडेलासारखा त्या दुकानात उभा राहिलो आणि बदल्यात छोटा मागितला. चालू करून घेतला, डोळे मिटले, कान लावला. दुकानदार म्हणाला, "साहेब, याच्यावर कोरल जगणार नाय हां, मग मला बोलू नका." मी त्याला बोललो नाही. मागच्या बाजूची बटणं आधी गेली, मग बाजूची. समुद्रफूल एका सकाळी पाण्यात विरघळून गेलेलं दिसलं, आणि मला रडू आलं. वेणूने पाठीवर हात ठेवला. तिने टोमणा मारला नाही, म्हणजे किती वाईट दिसत असेन बघा.

पुढच्या थंडीत दाजी गेले. त्याच खुर्चीत, दुपारच्या जेवणानंतर, पान खाता खाता. त्रास काही झाला नाही. दिवस झाले, नातेवाईक आपापल्या घरी गेले, आणि घरात आम्ही दोघंच उरलो.

त्यानंतरच्या पहिल्या उधाणाच्या दिवशी आम्ही दोघंही टाकीपाशी बसलो होतो. पंप बंद होता. वेणू भाजी निवडत होती. हाक आली.

"आत कोन हाय का?"

वेणूच्या हातातली मेथी ताटात पडली. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. तो आवाज चिखलातला, पाण्यातला, तरी ओळखायला क्षणाचाही वेळ लागला नाही.

"बाबा!" वेणू म्हणाली.

मी तिचा हात धरला. आवाजात माया नव्हती आणि वैरही नव्हतं. हातात फळी असलेल्या माणसाचा तो आवाज होता. त्याला आम्ही कोण ते ठाऊक नव्हतं, फक्त आत कुणी आहे का एवढंच हवं होतं. मी काचेला तोंड लावून नेहमीसारखं सांगितलं, "आत दोन मानसां हायत. थांब."

खिडकीतली पट्टी थांबली नाही.

"आत कोन हाय का?" दुसऱ्यांदा.

मी पुन्हा सांगितलं, नीट, शब्द तोडून. पट्टी खिडकीच्या कडीपर्यंत आली. ओल्या लाकडाचा वास घरभर झाला. आणि मग आम्हा दोघांना एकाच वेळी आठवलं. मला ते वेणूच्या चेहऱ्यावर दिसलं, तिला माझ्या.

उजवा कान पार गेलेला. डावा मर्जीवरचा.

तिसऱ्या हाकेला आम्ही दोघं उभं राहून, काच दोन्ही हातांनी धरून, फुप्फुसं फाटेपर्यंत ओरडलो.

टाकीत आता जिवंत असं काही उरलेलं नाही. दगड आहे आणि पाणी आहे. छोटा पंपसुद्धा मी काढून टाकला. तो बिनआवाजाचा होता, पण अगदीच बिनआवाजाचा पंप जगात नसतो. पद्मजाबाईंनी एकदा वेणूला विचारलं, दुपारी एवढ्या मोठ्याने कुणाशी बोलता? वेणू म्हणाली, "बाबांशी. त्यांना कमी ऐकू येतं ना." पद्मजाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

परवापासून वेणूचा घसा बसला आहे. पनवेलची हवाच तशी, धूळ फार. आज पौर्णिमा, भरती मोठी असणार. मी सकाळपासून कुणाशी बोललेलो नाही, मघाशी कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या केल्या, आणि आता खुर्ची टाकीजवळ ओढून घेतो आहे.